उचलेगिरी, भुरटी चोरी, जबरी चोरी: दुकानातल्या चोरीला कलम लागतं ते नेमकं कशावरून?

"दुकानाच्या दाराबाहेर पाऊल पडेपर्यंत चोरी होतच नाही" असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो, आणि त्याचं म्हणणं ऐकायला पटतंसुद्धा, की पैसे तर बाहेर जातानाच द्यायचे असतात ना, मग तोपर्यंत वस्तू बास्केटमध्ये आहे का जॅकेटच्या आत आहे याने काय फरक पडतो? फरक पडतो. बहुतेक देशांच्या कायद्यात दाराचा उल्लेखच नाहीये. आणि दुसरा गैरसमज त्याहून मोठा, की छोटी वस्तू म्हणजे छोटा गुन्हा आणि महाग वस्तू म्हणजे मोठा गुन्हा. किंमत हा फक्त एक भाग आहे हो, बाकी बरंच काही असतं, आणि त्या "बाकी"मुळेच दीडशे डॉलरच्या व्हिडिओ कॅसेटींसाठी एका माणसाला पन्नास वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झालेली आहे. त्याच्याकडे येतो, आधी मुळात चोरी कशाला म्हणतात ते बघू.

भारतातली व्याख्या 1860 च्या आयपीसीमध्ये कलम 378 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये आली, मजकूर जवळपास तोच. वस्तू जंगम पाहिजे म्हणजे हलवता येणारी, ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे, त्याची संमती नको, मनात अप्रामाणिक हेतू पाहिजे, आणि त्या हेतूने वस्तू हलवली पाहिजे. बस. "हलवली", बाहेर नेली नाही. कायद्यातच याचं एक भारी उदाहरण दिलंय: एका माणसाला दुसऱ्याच्या घरात टेबलावर अंगठी दिसते, लगेच खिशात टाकायची तर झडतीत सापडेल अशी भीती, म्हणून तो ती त्याच घरात अशा जागी लपवतो की मालकाला कधी सापडूच नये, आणि सगळे विसरले की काढून विकायची असा बेत करतो. अंगठी घराबाहेर गेलेलीच नाही, तरी पहिल्यांदा जागची हलवली त्या क्षणीच चोरी पूर्ण झाली असं कायदा म्हणतो. हेच दुकानाला लावून बघा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टात 1981 मध्ये असंच एक प्रकरण होतं. गिऱ्हाईकाने नव्या जॅकेटचा प्राइस टॅग आणि अलार्मवालं बटण काढलं, स्वतःचं जुनं जॅकेट तिथेच सोडलं, नवं अंगात घातलं आणि निघाला, दुकानातच अडवला गेला. बचाव तोच, मी बाहेर कुठे पडलो होतो? कोर्ट म्हणालं की सेल्फ सर्व्हिस दुकानात वस्तू हातात घेऊन फिरायची परवानगी असते हे खरं, पण गिऱ्हाईक जेव्हा त्या वस्तूशी मालकासारखं वागायला लागतो, दुकानदाराच्या हक्काशी मेळ बसणार नाही असं वागतो, तेव्हा दाराची वाट बघायची गरज नाही. लपवणं, इकडेतिकडे चोरून बघणं, टॅग उचकटणं, एक्झिटकडे वळणं, असं सगळं एकत्र करून हेतू ठरवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी तर कायद्यातच लिहून ठेवलंय की वस्तू मुद्दाम लपवलेली सापडली तर चोरीचा हेतू होता असं गृहीत धरता येईल.

लेबल बदलणाऱ्यांचा प्रश्न इंग्लंडमध्ये 1983 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेला होता. दोन वेगळी प्रकरणं, दोन्हीत माणसाने महाग वस्तूवर स्वस्त वस्तूचं लेबल चिकटवलं. एकाने काउंटरवर ती कमी किंमत भरलीसुद्धा, दुसरा पैसे द्यायच्या आधीच सापडला. दोघेही दोषी, कारण लेबल बदलण्याचा हक्क मालकाचा, तो हक्क तुम्ही स्वतःकडे घेतला. आता सेल्फ चेकआउटवर महाग वस्तू स्वस्त वस्तूच्या नावाने स्कॅन करणारे जे स्वतःला फार हुशार समजतात ते त्याच जुन्या लेबलवाल्यांचे नातेवाईक, फक्त काही ठिकाणी त्यांच्यावर चोरीऐवजी फसवणुकीचं कलम लागतं.

हेतू नसेल तर? खरंच विसरला असाल, मूल कडेवर, फोन कानाला, आणि एखादी वस्तू ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात राहून गेली, तर ती चोरी नाही, कारण मनातला भाग नाहीये. पण मन कोणाला दिसत नाही ना, म्हणून कोर्ट वागण्यावरून अंदाज करतं, आणि म्हणूनच ट्रॉलीत खाली राहिलेली वस्तू आणि बाहीत सरकवलेली वस्तू यांची गोष्ट वेगळी होते. यात देशादेशात एक मजेशीर फरक आहे. इंग्लंडच्या 1968 च्या थेफ्ट अॅक्टमध्ये वस्तू कायमची हिरावून घेण्याचा हेतू लागतो, त्यामुळे कोणाची गाडी चक्कर मारायला नेऊन सोडून देणाऱ्यांसाठी त्यांना त्याच कायद्यात वेगळं कलम ठेवावं लागलं. भारतात ही अट नाही. सरकारी ऑफिसातली फाईल एका दिवसासाठी बाहेर नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली, तरी ती चोरी, असं सुप्रीम कोर्टाने 1962 मध्येच सांगून टाकलंय. म्हणजे "वापरून परत ठेवणार होतो" हा बचाव एका देशात कामाचा आणि दुसऱ्यात निरुपयोगी.

आता किंमतीकडे.

अमेरिकेत गुन्ह्याचे दोन मोठे कप्पे: मिसडिमिनर म्हणजे हलका आणि फेलनी म्हणजे गंभीर, साधारण एक वर्षापेक्षा जास्त तुरुंगवास होऊ शकतो तो फेलनी. चोरीच्या बाबतीत दोघांच्या मधली रेघ डॉलरमध्ये आखलेली असते आणि प्रत्येक राज्य ती आपापली आखतं. टेक्सासमध्ये ती 2,500 डॉलरवर आहे. न्यू जर्सीत दुकानातल्या चोरीसाठी 200 डॉलर, तिथे फेलनी हा शब्द वापरत नाहीत पण 200 ला पोचलात की प्रकरण वरच्या दर्जाच्या गुन्ह्यात जातं, पुढे 500 ला आणखी एक पायरी, 75,000 ला त्याच्याही वरची. म्हणजे 300 डॉलरचा तोच जोडा एका राज्यात किरकोळ आणि दुसऱ्या राज्यात वरच्या दर्जाचा गुन्हा. यात न्याय कुठे आहे असं विचाराल तर मलाही नीट उत्तर देता येत नाही, रेघ कुठेतरी आखावीच लागते एवढंच.

आणि किंमत म्हणजे कुठली किंमत? दुकानदाराला ती वस्तू निम्म्यात पडलेली असेल, चोर ती पावपटीत विकणार असेल, पण न्यू जर्सीचा कायदा सरळ पूर्ण किरकोळ किंमत म्हणतो, म्हणजे दुकानाने लावलेली किंवा जाहिरातीतली. इतर ठिकाणी साधारण बाजारभाव धरतात, आणि दुकानातल्या नव्या मालाचा बाजारभाव म्हणजे शेवटी टॅगवरचा आकडाच धरला जातो. रेघेच्या जवळचं प्रकरण असेल तर वकिलांची सगळी मारामारी याच आकड्यावर चालते, वस्तूवर डिस्काउंट चालू होता का वगैरे. शिवाय एकाच बेताने चार दिवसांत चार दुकानांतून थोडंथोडं उचललं असेल तर बऱ्याच राज्यांत सगळी बेरीज करून एकच आकडा लावतात, त्यामुळे "प्रत्येक वेळी लिमिटच्या खाली राहायचं" ही आयडिया जुनी झाली.

रेघेचा इतिहास मला या सगळ्यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून चोरीचे दोन प्रकार होते, 12 पेन्सच्या वरची ती मोठी आणि त्याच्या आतली ती छोटी, आणि मोठीला कायद्याने फाशी. हा 12 पेन्सचा आकडा 1827 पर्यंत तसाच होता, पैशाची किंमत शेकडो वर्षं घसरत गेली आणि रेघ जागची हलली नाही, म्हणजे दरवर्षी आणखी क्षुल्लक वस्तू "मोठी चोरी" होत गेली. त्यात 1699 मध्ये खास दुकानातल्या चोरीसाठी कायदा झाला, 5 शिलिंग (एक शिलिंग म्हणजे 12 पेन्स) किंवा जास्त किंमतीचा माल दुकानातून गुपचूप उचलला तर फाशी, सवलत नाही. मग ज्यूरीतल्या साध्या माणसांनी काय केलं? मालाची किंमतच कमी लावली. लेसचा तुकडा समोर दिसतोय, चांगला महाग आहे, आणि ज्यूरी निकाल देते की किंमत 4 शिलिंग 10 पेन्स. सगळ्यांना माहीत होतं खोटं आहे, पण माणूस वाचला. जाणकारांनी याला पुण्यकर्म म्हणून घेतलेली खोटी शपथ म्हटलंय. 1810 मध्ये सॅम्युअल रोमिली नावाच्या खासदाराने ही फाशी रद्द करायचं विधेयक आणलं, संसदेच्या खालच्या सभागृहाने म्हणजे कॉमन्सने पास केलं, वरच्या म्हणजे लॉर्ड्सने फेटाळलं, आणि शेवटी 1820 च्या दशकात ती गेली. शिक्षा फार कडक केली की लोक कायदा मोडत नाहीत, आकडा वाकवतात.

अलीकडच्या इंग्लंड-वेल्समध्येही अशी रेघ आली, 2014 च्या कायद्याने 200 पौंडांपर्यंतची दुकानातली चोरी खालच्या कोर्टात चालणारा हलका प्रकार केला, जास्तीत जास्त 6 महिने, जरी साध्या चोरीची कमाल शिक्षा 7 वर्षं आहे. यावर दुकानदार वर्षानुवर्षं ओरडत होते की चोरांना वाटायला लागलं 200 च्या आत सगळं माफ आहे, आणि 2025 मध्ये सरकारने ही वेगळी वागणूक काढून टाकण्यासाठी विधेयक आणलं. गंमत म्हणजे कायद्याने माफी कधीच दिली नव्हती, 200 च्या आतही तो गुन्हाच होता, पण लोकांच्या डोक्यात आकडा एकदा बसला की तो लायसन्ससारखा वाटायला लागतो. कॅलिफोर्नियात अगदी हेच 950 डॉलरच्या बाबतीत झालं, "तिथे 950 पर्यंत चोरी कायदेशीर आहे" असे मेसेज तुम्हीपण वाचले असतील. साफ चूक. 2014 च्या जनमताने, म्हणजे प्रपोझिशन 47 ने, दुकानातल्या चोरीबद्दल एवढंच ठरवलं की दुकान उघडं असताना 950 डॉलरपर्यंतचा माल चोरायच्या हेतूने आत शिरलं तर ते मिसडिमिनर, 6 महिन्यांपर्यंत जेल. त्याआधी चोरीच्या हेतूने नुसतं दुकानात शिरणं हेच तिथे घरफोडीच्या कलमात बसवता यायचं, उघड्या दारातून, भर दिवसा. नोव्हेंबर 2024 मध्ये लोकांनी पुन्हा मत देऊन प्रपोझिशन 36 पास केलं, आता आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेला माणूस तिसऱ्यांदा सापडला तर रक्कम कितीही असो, फेलनी लागू शकते.

भारतात आकड्याची रेघ चोरीच्या मुख्य कलमात पहिल्यांदा 2024 ला आली. चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही हे जुनंच, पण मुद्देमाल 5,000 रुपयांपेक्षा कमीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची, म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकांच्या उपयोगाचं काम विनामोबदला करायचं. तीनही गोष्टी एकत्र लागतात बरं का, एक जरी नसेल तरी सवलत नाही. आणि 5,000 च्या आतला प्रकार अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही नाही, त्याच्या वरचा मात्र दखलपात्र आणि अजामीनपात्र. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर उलटं टोक: कमीत कमी 1 वर्ष, 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड.

पण इथे एक खाच आहे जी फार कमी लोक सांगतात. त्याच संहितेत पुढे कलम 305 आहे, राहत्या घरातली किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी, 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुकान किंवा गोदाम ही माल ठेवायची इमारतच आहे, असं धरून हे कलम लावलं तर 5,000 ची सवलत लागत नाही, कारण ती 303 मध्ये लिहिलीय, 305 मध्ये नाही. म्हणून एफआयआरमध्ये कलम कुठलं आहे हे आधी बघायचं, रक्कम नंतर. चोरणारा गिऱ्हाईक नसून त्याच दुकानाचा नोकर असेल तर 306, तिथेही 7 वर्षं. टोळी करून चालत असेल तर 112, किरकोळ संघटित गुन्हा, 1 ते 7 वर्षं, आणि त्या कलमाच्या स्पष्टीकरणात शॉपलिफ्टिंग हा शब्द चक्क नावाने आहे.

जपानमध्ये तर रेघच नाही. दुकानातल्या चोरीला तिथे मानबिकी म्हणतात, रोजच्या बोलण्यातला हलका शब्द आहे, पण कलम साध्या चोरीचं, 10 वर्षांपर्यंत कैद. 2006 पर्यंत तर दंडाचा पर्यायही नव्हता, मग 5 लाख येनपर्यंतचा दंड घातला गेला.

किंमत बाजूला ठेवा, चोरीचं रूप खरं पालटतं ते हात उचलल्यावर. पळताना गार्डला ढकललं, चावलं, चाकू दाखवला, की भारतात माल घेऊन पळण्यासाठी इजा केली किंवा तिची भीती घातली म्हणून ती जबरी चोरी होते, 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि पाच किंवा जास्त लोक मिळून केली तर दरोडा. जपानमध्ये पकडलं जाऊ नये म्हणून मारहाण केली तरी जबरी चोरीच धरतात आणि किमान शिक्षा 5 वर्षं. एका चॉकलेटसाठी सुरू झालेला प्रकार दोन सेकंदांच्या झटापटीत कुठल्या कुठे जातो. इंग्लंडमध्ये 1979 च्या एका निकालात तर मारामारीही नव्हती, माणूस फक्त काउंटरच्या आतल्या बाजूला गेला जिथे गिऱ्हाईकाने जायचं नसतं, आणि अर्धवट उघडा गल्ला बघितला. गल्ला रिकामा होता. तरीही घरफोडीचा गुन्हा, कारण दुकानाच्या ज्या भागात जायची परवानगी नाही तिथे चोरीच्या हेतूने शिरणं पुरेसं होतं.

आणि मग जुना रेकॉर्ड. कॅलिफोर्नियात "थ्री स्ट्राइक्स" कायदा होता, आधी दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसरी कुठलीही फेलनी 25 वर्षं ते जन्मठेप. 2000 साली गॅरी युइंग नावाच्या माणसाने गोल्फच्या दुकानातून प्रत्येकी 399 डॉलरच्या तीन स्टिक पँटच्या पायात सरकवल्या आणि लंगडत बाहेर पडला, त्या लंगडण्यावरूनच कर्मचाऱ्याला संशय आला. 25 वर्षं ते जन्मठेप. 2003 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती कायम ठेवली. सुरुवातीला सांगितलेल्या व्हिडिओ कॅसेटींचा निकाल त्याच दिवशीचा, दोन वेगवेगळ्या वेळी नऊ कॅसेटी उचललेल्या, दोन गुन्हे म्हणून 25 आणि 25. पुढे 2012 मध्ये लोकांनीच मतदान करून हा कायदा मऊ केला, तिसरा गुन्हाही सहसा गंभीर किंवा हिंसक हवा. त्या प्रस्तावाचा नंबरही 36 च होता, 2024 च्या कडक करणाऱ्या प्रस्तावाचाही 36, त्यामुळे इंटरनेटवर वाचताना साल बघत जा नाहीतर सगळं उलटं समजेल.

भूक हा बचाव होतो का? इटलीच्या सर्वोच्च कोर्टाने 2016 मध्ये जेनोआतल्या एका बेघर माणसाला सोडून दिलं, त्याने सुपरमार्केटमधून 4 युरो 7 सेंटचं चीज आणि सॉसेज खिशात टाकलं होतं, कोर्ट म्हणालं त्या क्षणाच्या अत्यावश्यक गरजेपुरतं अन्न घेतलं, तो गुन्हा नाही. पण हे सर्रास चालत नाही, बहुतेक ठिकाणी भुकेने गुन्हा पुसला जात नाही, फार तर शिक्षा कमी होते.

दुकानवाल्यांची बाजूही थोडी. संशय आला म्हणून वाटेल तसं कोंडून ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये दुकानदाराला वाजवी कारण असेल तर वाजवी पद्धतीने, वाजवी वेळेपुरतं थांबवायची मुभा असते, मर्यादा ओलांडली तर बेकायदा डांबून ठेवल्याचा दावा त्याच्यावरच येतो. भारतात सामान्य माणसाने केलेली अटक दुकानातल्या अशा प्रकरणात फक्त डोळ्यांदेखत घडलेल्या, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यासाठी चालते, आणि पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, 6 तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. आता वरचं आठवा, 5,000 च्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यासाठी कोणाला मागच्या खोलीत बसवून ठेवणारा गार्ड स्वतः अडचणीत येऊ शकतो.

पैसे भरून मिटवता येतं का, हा शेवटचा प्रश्न सगळेच विचारतात. भारतात साधी चोरी तडजोडपात्र आहे, ज्याचा माल गेला तो मालक तयार असेल तर मिटवता येते. अमेरिकेत दुकान नुकसानभरपाईची नोटीस पाठवतं, लोक घाबरून ती भरतात आणि समजतात की संपलं, पण ती रक्कम दिवाणी बाजूची असते, फौजदारी केस चालवायची का नाही ते सरकारी वकील ठरवतो, आणि पावती दाखवली म्हणून तो थांबेलच असं नाही.